बदामी बोंड

सत्यभामाबाईंच्या तोंडून आपल्याबद्दल चांगला शब्द ऐकला, असं सांगणारं माणूस जानेफळात सापडत नसे. सरपंचाला त्या 'फोटोतला माणूस' म्हणत. कृषी सहायक गावात आला की विचारत, "वाट चुकला का भाऊ?" आणि नवऱ्याचं, शेषरावांचं नाव घ्यायची वेळ आली, की नुसता नाकानं आवाज काढत. ज्याला कळायचं त्याला कळत असे.

यंत्राला मात्र त्या कधी वावगं बोलल्या नाहीत.

हे यंत्र मेहकरच्या रस्त्यावर एका कारखान्यात होतं. मेहकरच्या एका व्यापाऱ्यानं कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतून जुना माल उचलून तो उभा केला होता. सरकी काढलेली सुटी रुई तिथं रंगवायची आणि रंगीत सुतासाठी बाहेर पाठवायची, असा धंदा. रुई आधी भोकं पाडलेल्या पोलादी पिंजऱ्यात दाबून भरायची. ती ओली करून पायानं तुडवावी लागे, आणि तुडवायला बाया लागत. भरलेला पिंजरा साखळीनं उचलून मोठ्या हंड्यात सोडायचा, झाकण आवळायचं, पंप चालू करायचा, की उकळतं रंगाचं पाणी रुईतून आतबाहेर फिरत राही. तुडवण्यात कुठं पोकळी राहिली तर पाणी तिथूनच पळे, बाकीचा माल कोड उठल्यासारखा पांढऱ्या डागांचा निघे.

बाई तुडवायला म्हणून लागल्या. पहिला ऑपरेटर दारू पिऊन पंपाशी भांडायचा. दुसरा हंडा उकळत ठेवून मोबाइलवर बोलायचा, त्याला मालकानं एका सकाळी पिशवीसकट फाटकाबाहेर काढलं. त्या दिवशी हंड्यात माल होता आणि तो कुणालातरी उतरवायचा होता. बाईंनी तो उतरवला. तेव्हापासून हंडा त्यांच्याकडेच राहिला.

"बाई स्वस्त पडते म्हून ठेवली, हे मले समजते," त्यांनी मालकाला तोंडावर सांगितलं. मालक हसला, आणि त्यानं नाही म्हटलं नाही.

गावात बीटी कपाशी येऊन तोवर सातआठ वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं लोकांनी घरांना रंग दिले. मग पाऊस दगा देऊ लागला, पानं लाल पडू लागली, एका साली पिठ्या ढेकणानं झाडं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी केली. दर मृगाला दुकानात नवी थैली येई, तिच्यावर कधी वाघ, कधी पैलवान, कधी सिंहासन. शेषराव थैलीवरचं चित्र बघून बियाणं घेत. "औंदा पैलवान हाय," ते मोठ्या विश्वासानं सांगत. दिवाळीपर्यंत पैलवान झोपलेला असे. पण शेषराव पुढच्या मृगाला पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर.

बाईंच्या हाताखाली जनकाबाई रुई तुडवायची. तिचा नवरा असल्याच एका वर्षी फवारणीचं औषध पिऊन गेला होता. ती फार बोलत नसे. तिच्यापुढं बाईंची जीभही जरा बेतानं चाले, पण हे त्यांनी कबूल केलं नसतं.

त्या उन्हाळ्यात मालकाचा भाचा जीवन कारखान्यात आला. इस्तरीचा शर्ट, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा. पूर्वी त्यानं जमिनीचे सौदे केले, मग विम्याचे, आता मेहकरात बियाण्याची एजन्सी घेतली होती.

"काकू, थोडीशीच रुई हाय. छोट्या हंड्यात घ्या. बदामी रंग पाहिजे, मातीसारखा. आजच."

"काहाले?"

"बाहुल्या भरायले. पुण्याची ऑर्डर हाय."

"पुण्याच्या बाहुल्या मातीच्या रंगाच्या असतात का?" बाई म्हणाल्या. पण मालकाचाही होकार होता, म्हणून त्यांनी हंडा लावला. रंग चढला तसा जीवन घाई करू लागला.

"साबणाचं पाणी द्याचं राह्यलं," बाई म्हणाल्या. "त्याच्याबिगर वरचा सुटा रंग धुऊन निघत नाई. हाताले लागते."

"लागू द्या. बाहुलीले कोन धुते?"

माल जेमतेम सुकवून तो घेऊन गेला. बाईंना त्या अर्ध्या कामाचा राग आला. दिवसभर त्या तो राग जनकाबाईला ऐकवत राहिल्या.

आठवड्याभरानं शेषराव घरी आले ते छाती काढूनच. रुमालात गुंडाळलेलं एक कापसाचं बोंड त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं. बोंडातला कापूस बदामी होता.

"पाय! झाडावरच रंगीत येते. रंगवाचं कामच नाई. भाव दुप्पट. रविवारी मेहकरात मेळावा हाय, जो आधी पैसे भरून नाव नोंदवंल त्यालेच थैली भेटंल." मग वर्षानुवर्षांची उसनवारी फेडल्यासारखे ते म्हणाले, "तुह्यं यंत्र आता भंगारात जाते."

बाईंनी बोंडाकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या बोटांकडं पाहिलं. बोटांची टोकं बदामी झाली होती.

"हा माह्या हंड्यातला रंग हाय," त्या म्हणाल्या.

"जळते तू. तुह्या नोकरीवर आली म्हून जळते." त्या हात लावतील म्हणून शेषरावांनी बोंड उचलून पुन्हा रुमालात बांधलं.

बाईंना त्याचं काही वाटलं नाही. नवरा फसणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, तो दरसाल फसत होता. पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभ्या उभ्या जनकाबाई म्हणाली, "माय, मी बी नाव नोंदवतो म्हनतो. तेवढं वावर पडीक ठेवून काय करू? पोरीचं लग्न हाय." ज्या हातांनी रंग कालवला ते हात बाईंनी पदराला पुसले. त्या पहिल्यांदाच स्वतःवर चिडल्या. बाहुल्यांचं ऐकताना आपली जीभ चालली, पण डोकं कुठं होतं?

"रविवारी माह्याबरोबर चाल," त्या म्हणाल्या. "तोवर कोनाले काई देऊ नको."

मेळावा मेहकरच्या एका मंगल कार्यालयात होता. मांडव, पंखे, मागं शिजत असलेल्या वांग्याच्या भाजीचा वास. जीवन व्यासपीठावर माइक धरून परदेशातल्या शेतकऱ्यांची सुखं सांगत होता. बदामी बोंडांची एक टोपली हातोहात फिरत होती. लोक बोंड हातात घेत, देवाला करावा तसा नमस्कार करत आणि पुढं देत. आयुष्य कपाशीत घालवलेली माणसं, पण एकानंही ते फोडून बघितलं नाही. पहिल्या रांगेत शेषराव बसले होते.

टोपली हाताशी येताच बाईंनी एक बोंड उचललं आणि उभ्या राहून पाकळी पाकळी सोडवलं. बदामी रुई डिंकानं चिकटवली होती, ती खरडून निघाली.

"भाऊ," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "याच्यात सरकी कुठी हाय?"

मांडवात चुळबूळ झाली. शेषरावांनी मागं वळून बायकोला पाहिलं आणि मान खाली घातली. जीवन मात्र डगमगला नाही.

"काकू, हेच तर नवं तंत्र हाय! बिगर सरकीचा कापूस. द्राक्षात बी नसते की नाई? तसं. सरकी काढाचा खर्चच नाई!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. बाईंनी हातातलं रिकामं बोंड उंच धरलं. मग त्यांनी विचारलं,

"सरकी नाई, तर मंग थैलीत काय भरून इकून राह्यला रे तू? पेरतात काय, द्राक्षं?"

टाळ्या थांबल्या. कडूबा नावाचा एक म्हातारा शेतकरी उठला, त्यानं टोपलीतली तीनचार बोंडं फोडली आणि घामानं ओल्या बोटांना लागलेला बदामी रंग सगळ्यांना दाखवला. कुणीतरी मागून खिदळलं. मग कुणी खुर्ची लाथाडली. पण जेवणाच्या पंगती मांडल्या होत्या, म्हणून लोक आधी जेवले आणि चिडले नंतर. तोवर जीवन मागच्या दारानं गाडी काढून पसार झाला होता.

परतीच्या एसटीत ज्यांनी आधीच नावं नोंदवली होती ते बाईंवरच उखडले. "तुह्याच मालकाचा भाचा ना तो? रंग तूच देल्ला ना? मंग भरून दे आमचं!" शेषराव खिडकीबाहेर बघत बसले होते. फक्त जनकाबाई बाईंना अगदी चिकटून बसली आणि जानेफळ येईपर्यंत तिनं बाईंचा दंड सोडला नाही.

संध्याकाळी मालकाचा फोन आला, उद्यापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला फाटकात हजर. मालक दारातच उभा.

"सांगतलं होतं ना?"

"शनिवारचा भरलेला पिंजरा तसाच पडला हाय. ओला माल सडते. उतरून देतो, मंग जातो. तुमचा भाचा येते का उतरवायले?"

मालक बाजूला झाला. बाईंनी पिंजरा हंड्यात सोडला, झाकण आवळलं, पंप लावला. मालक लांब खुर्ची टाकून बघत बसला. एका ऑपरेटरसाठी त्यानं सकाळपासून तीन ठिकाणी फोन केले होते, हे बाईंना पहारेकऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. दुपार कलली तेव्हा निळीभोर, एकसारखी रुई बाहेर आली. बाईंनी साबणाच्या पाण्याचा शेवटचा फेरासुद्धा सोडला नाही.

"उद्या लाल घ्याचा हाय," मालक भिंतीकडं बघत म्हणाला.

"भिंतीले सांगून राह्यले का मले?"

"तुले. ये उद्या."

कारखाना पुढं सहा वर्षं चालला आणि ती सहाही वर्षं हंडा बाईंच्याच हातात राहिला. जनकाबाईनं त्या साली वावरात तूर आणि सोयाबीन पेरलं. पीक बेताचं आलं, पण पोरीचं लग्न त्यात निभावलं. शेषरावांनी थैलीवर मोराचं चित्र असलेलं बियाणं घेतलं.

जीवनवर ना तक्रार झाली, ना चौकशी. दोन वर्षांनी तो पंचायत समितीला उभा राहिला, बाईंच्या दारात हात जोडून आला आणि 'काकू' म्हणून पायाही पडला. बाईंनी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन होईस्तोवर त्या त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या, आणि त्याला ते पाणी संपवणं जड गेलं. तरी तो निवडून आला. जानेफळातून त्याला चांगली मतं पडली.

विजयाच्या मिरवणुकीत शेषरावही नाचले. गुलालानं माखून घरी आले, तर बाईंनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. पाण्याची बादली अंगणातच आणून आदळली.