कावळा डोक्यावर बसला तवा

आनंदाबाई माह्या घराच्या बाजूलेच राह्यते. मधात नुसतं काटक्याचं कुंपण. तिच्या घरी काय शिजलं अन् माह्या घरी कोण कोणावर वसकलं, हे आम्हाले एकमेकीले सांगा लागत नाई. बाई मोठी जबर. नवरा, लक्ष्मणराव, गेला तवा पोट्टं मांडीवर होतं. लोकाइच्या वावरात निंदण केलं, शाळेत खिचडी शिजवली, अन् त्या एकुलत्या मुकेशले शिकवून नागपुरात साहेब केलं. आता साहेबाले आपल्या गावाले, हिंगणीले, याले टाइम भेटत नाई. मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीले आलता, एकटाच, अन् ते बी दारात गाडी चालूच ठेवून.

यंदा उन्हाळ्यात तिच्या आंगणातल्या निंबावर कावळ्याइनं घरटं केलं. पिल्लं निंगाली अन् त्या नवरा-बायकोचं डोस्कंच फिरलं. आनंदाबाई नळावर गेली की वरून सपकन आले, मारली टोच! मले काही करत नव्हते, हिच्याच मागं. बाई मंग डोक्यावर घमेलं घेऊन आंगणात फिरे. मी लय हासली तिले. पण एक दिवस तिच्या कानामागून रगत आलं, तवा म्हटलं आता बस झालं, बांबू आणला.

“घरट्याले हात लावशील तं पाह्य!” आनंदाबाई वरडली. “लेकरं हायेत त्याइची. मुकेश लहान होता तवा मी बी कोणाले जवळ येऊ देत नव्हती.”

“त्याचं काय फळ भेटलं ते दिसूनच राह्यलं,” मी म्हटलं. माह्यं तोंड असंच हाय, तिले सवय हाय. ती घमेलं घेऊन घरात गेली.

अन् मंग ते झालं. सकाळची ती बाजेवर कुरड्या घालत होती. हात भरलेले, घमेलं बाजूले ठेवलेलं. कावळा आला, पण या बारीनं टोच मारून उडाला नाई. डोक्यावर बसला. केसात पंजे रोवून, पंख फडफडवत, चांगला बसला. म्या कुंपणाकडून दगड भिरकावला तवा उडाला. आनंदाबाई मटकन खालीच बसली.

टोच मारली तं नुसती जखम होते. डोक्यावर कावळा बसला म्हणजे आमच्याकडं मरण आलं म्हणते. समोरच्या कमलाबाईले कळलं अन् ती धावतच आली.

“मेल्याचा निरोप धाडा लागते व,” ती म्हणे. “रक्ताच्या माणसाले सांगाचं, आनंदा गेली. त्यानं खरं समजून रडलं पाह्यजे. त्याच्या डोळ्यातून पाणी पडलं की हिचं मरण टळलं. मंग सांगून द्याचं, खोटं होतं म्हणून.”

“कावळ्याले त्याची पिल्लं दिसते, कोणाचं मरण-बिरण नाई दिसत,” मी म्हटलं. पण मंग आनंदाबाईकडं पाह्यलं. बिबट्या गोठ्यात घुसला तवा काठी घेऊन उभी राह्यलेली बाई ही, अन् आता चिकाच्या हातानं डोस्कं चाचपून राह्यली होती.

“मुकेशले लाव फोन, छाया,” ती म्हणली. “मेलेल्या बाईनं कसा लावावा? अन् स्पीकरवर ठेवजो. तो रडला का नाई ते मले ऐकू आलं पाह्यजे.”

मी लावला. एकदा कापला त्यानं, मंग उचलला.

“मुकेश, हिंगणीवरून छायाकाकू बोलते रे!” मी मोठा गळा काढला. “तुही माय गेली रे बाबा!”

आनंदाबाई फोनपाशी कान नेऊन बसली. कमलाबाईनं पदर तोंडाले लावला. आता रडन, आता रडन, असं वाटून राह्यलं होतं.

“अरेरे,” तो म्हणाला. “कधी?”

“आज सकाळीच रे.”

“हं.” तिकडं कोणीतरी त्याले चहाचं विचारलं. “बिनसाखरेचा,” हा त्याले म्हणाला, अन् मंग मले, “काकू, असं करा. मला आज निघता येणार नाही, मोठे साहेब आलेत. आणि या उन्हात बॉडी जास्त वेळ ठेवणंही बरोबर नाही. तुम्ही सगळे आहातच, उरकून घ्या. मी तेरवीला येतो, घरच्या सगळ्यांना घेऊन. दोन दिवस राहीन.”

“अरे, अग्नी कोण देईन तिले?”

“बघा ना कोणी पुतण्या-बितण्या. ठेवतो काकू, मीटिंग आहे.”

ठेवला! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, शेजारचं कुत्रं मेलं तरी माणूस चहा बाजूले सारते. कमलाबाई पदर सावरत उठली अन् घरी गेली. कोणाच्या डोळ्यातून पाणी पडलं नव्हतं, म्हणजे तिच्या हिशेबानं मरण तिथंच बसलं होतं.

“थांब, त्याले आता सांगतेच जित्ती हाय म्हणून,” मी पुन्हा फोन उचलला. “अन् अशा शिव्या हासडते की साहेबाची साहेबी निंगाली पाह्यजे!”

आनंदाबाईनं माह्या मनगटाले धरलं. हाताले कुरडईचा चीक तसाच होता.

“नको लावू.”

“अवं, तो तुले मेली समजून राह्यला!”

“समजू दे,” ती म्हणली. “तेरवीले सगळ्याइले घेऊन येतो म्हणला ना? दोन दिवस राहीन म्हणला. नातीले मी सुनेच्या बाळंतपणानंतर पाह्यलंच नाई, आता बोलाले लागली असन. जित्ती हाय म्हणून सांगशील, तं नाई येणार व तो.”