ऑरिन सॅदरची साद

ऑरिन सॅदरने साद घातली की कायोटी येतोच, असं पावडर नदीच्या खोऱ्यात चाळीस वर्षं बोललं जायचं. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान आणि दोघांहून बेरकी. मेंढ्या व्यायच्या दिवसांत तो कोकरांवर पडला की भल्याभल्या मेंढरंवाल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि फोन ऑरिनकडे जायचा. ऑरिन सापळे लावत नसे, विष घालत नसे. सेजच्या झुडपाला पाठ टेकून बसायचं आणि पिपाणी फुंकायची, एवढंच त्याचं काम. शेजारी रायफल घेऊन दुसरं कुणीतरी बसायचं.

कुठली पिपाणी कधी, यावर तो तासभर बोलू शकायचा आणि बोलायचाही, ऐकणारा उठून गेला तरी. खोकडाला उंदराची चूंचूं पुरते, तीही नुसत्या ओठांनी. हिवाळ्यात कायोटी भुकेला असतो, तेव्हा सशाची किंकाळी. पण एप्रिलात बिळात पिलं झाली की सशाकडे तो ढुंकूनही बघत नाही. तेव्हा पिलाचं केकाटणं काढायचं. ते ऐकून आई धावत येते. आईला असं फसवणं बरं की वाईट, हे ऑरिनला एकदा पाद्रीबाबांनी विचारलं होतं. "तुम्ही कोकरू खाता ना?" एवढंच तो म्हणाला आणि रागाने सहा महिने चर्चला गेला नाही. माणूस तसा हेकटच.

बायको व्हर्ना होती तोवर त्याला घरात पिपाणी फुंकायची बंदी होती. "शेजारी पोलिसांना बोलावतील," ती म्हणायची. मग तो पिकअपच्या काचा चढवून आत बसून सराव करायचा. त्या बंद काचांत आणि कानाशी उडणाऱ्या रायफलींच्या दणक्यांत त्याच्या कानांचं काय झालं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. खरं तर स्वतःलाही नाही. जाड आवाज राहिले, बारीक आवाज एकेक करून निघून गेले. हल्ली लोक पुटपुटतात, अशी त्याची तक्रार होती.

मग दात गेले. उघड्या पत्तीची पिपाणी दातांत हलकेच धरून, ओठ मागेपुढे सरकवून वाजवायची असते. कवळीवर ती घसरते. राहिली बंद पत्तीची, म्हणजे पत्ती नळीच्या आत असलेली. ती कुणालाही वाजते, पण थंडीत तिची एक खोड आहे. श्वासाची वाफ आत गोठते आणि पितळी पत्ती चिकटून बसते. म्हणून फुंकून झालं की ती लगेच सदऱ्याच्या आत, काखेत ठेवायची. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना हे ऑरिननेच शिकवलं होतं.

यंदा मायते एचेव्हेरीच्या कळपातून नऊ दिवसांत अकरा कोकरं गेली. मायतेचा बाप बिशेन्ते पंचवीस वर्षं ऑरिनचा नेमबाज होता. तो वारल्यावर मेंढरं तिने एकटीने सांभाळली, आणि ऑरिनलाही.

"काका, मी विमानवाल्यांना बोलावतेय," तिने कॉफी ओतता ओतता सांगितलं. विमानवाले म्हणजे वरून गोळ्या घालणारे.

"दोन कायोटींसाठी विमान? तुझ्या बापाने ऐकलं असतं तर हाच कप डोक्यात घातला असता."

"बाबा असते तर अकरा कोकरं गेली नसती."

ऑरिनला ते लागलं. त्याने कप बाजूला सारला. "एक सकाळ दे, पोरी. नाही जमलं तर आण तुझं विमान. मी परत तोंड उघडणार नाही."

"तोंड तर तुम्ही उघडणारच," मायते हसली. "बरं, उद्या. पण एकच सकाळ हं."

दोन वर्षांत दुसऱ्या कुणाचा फोन आला नव्हता. मायतेचा तेवढा उरला होता. हाही थांबला की ऑरिन सॅदर म्हणजे कवळी लावणारा एक एकटा म्हातारा, बाकी काही नाही. त्याला ते ठाऊक होतं. मायतेलाही.

एप्रिल असूनही सकाळी नाकातले केस गोठतील अशी थंडी होती. वारा तोंडावर, उगवता सूर्य पाठीशी, समोर घळ. दबा धरायचं ठाणं त्याने असं निवडलं होतं की बिशेन्तेने पाठ थोपटली असती. ठाण्यावर ऑरिनचे दोन नियम. कुणी बोलायचं नाही. आणि त्याने नेमबाजाच्या गुडघ्यावर थाप दिल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

त्याने काखेतून पिपाणी काढली आणि पिलाचं केकाटणं काढलं. दोन मिनिटं, मग शांतता. पिपाणी परत आत ठेवायची तर जाड कोटाची दोन बटणं काढायला हवीत. बोटं बधिर झाली होती, आणि उगाच हालचाल नको म्हणून त्याने ती मांडीवर ठेवली. दहा मिनिटांनी पुन्हा फुंकली, आणखी थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. काय सुंदर आवाज येत होता! पाय सापडलेलं पिल्लू आईला हाक मारतंय, अगदी तसा. इतकं छान आपण कित्येक वर्षांत वाजवलं नाही, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात ती दिसली. घळीच्या पलीकडच्या काठावरून मादी चालली होती, दोनशे पावलांवर. पोट ओघळलेलं, म्हणजे पिलं पाजणारी. तोंडात काहीतरी पांढरं लोंबत होतं. मायतेने रायफल खांद्याला लावली.

ऑरिनने जिवाच्या आकांताने फुंकलं. मादी आपल्या वाटेने चालत राहिली. त्याने पुन्हा फुंकलं. तिने मान वळवली नाही. कानसुद्धा हलवला नाही. चढ चढून ती पलीकडे उतरली, अन् तिथं नुसतं रिकामं माळरान उरलं.

ऑरिनने तोंडातली पिपाणी काढून हातात धरली. सादेतली फसवणूक न ओळखणारी कायोटी धावत येते. ती ओळखून बसलेली, एकदा गोळीतून वाचलेली, शेपूट घालून पळते. या दोनच तऱ्हा त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या. अशी निवांत फक्त तीच जाईल, जिला काहीच ऐकू आलेलं नाही.

"वाजतेय का ही?" त्याने स्वतःच नियम मोडला.

मायतेने रायफल खाली घेतली.

"मायते, मी विचारतोय."

ती त्याच्या कानाशी आली. "पहिल्यांदा वाजली, काका. दुसऱ्यांदा नुसतं सुस्स झालं. मग काहीच नाही."

"मग सांगायचं नाही?"

"ठाण्यावर बोलायचं नाही ना. तुम्हीच तर... आणि तुमचं तोंड बघितलं. इतके रंगून वाजवत होतात. धीर नाही झाला."

"आणि ती समोर आली तेव्हा? गोळी का नाही घातलीस?"

"तुम्ही थाप दिली नाहीत."

थाप द्यायची तो विसरला नव्हता. चांगली आठवली होती. पण ती आपल्या सादेवर यावी, चार पावलं तरी यावी, मायतेने ते बघावं, या हव्यासापोटी त्याने हात आवरला होता. आता मायतेच्या तोंडाकडे बघवेना. तिने त्याला हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी विमान आलं. ऑरिन अंगणातच उभा होता. घरघर जाड होती, गोळ्यांचे आवाजही जाड. ते त्याला सगळे नीट ऐकू आले, आणि मोजायचे नाहीत असं ठरवूनही त्याने ते मोजले. दुपारी मायतेचा फोन आला. बीळ त्याच घळीत होतं म्हणे, त्याने ताडलं होतं तिथंच. "तुमचा अंदाज बरोबर होता बघा," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. इतक्या प्रेमाने बोलली की त्याला फोन आपटावासा वाटला.

संध्याकाळी त्याने स्टोव्हजवळ बसून पिपाणी उघडली, पत्ती पुसली, कोरडी केली आणि जोडून फुंकली. कोपऱ्यात झोपलेली त्याची कुत्री ताडकन उठली. कान टवकारून, कण्हत त्याच्या पायांशी आली आणि त्याच्या हातात पिल्लू शोधू लागली. म्हणजे आत्ता वाजत होती.

तो फुंकत राहिला, डोळे मिटून, कान देऊन. काल त्या थंडीत मुक्या पिपाणीतून ऐकलेला आवाज आणि हा आवाज अगदी सारखे होते.