लेकीच्या सासरचा गिझर

मखमलाबादच्या सहादूला नळाची आणि शेगडीची नाडी कळते, असं लोक म्हणतात. त्याला विचाराल तर तो म्हणेल, नाडीबिडी काही नसते, माणसं अर्धवट सांगतात एवढंच. "गॅसचा वास येतोय" म्हणून फोन करतील आणि वास केव्हा येतो ते सांगणारच नाहीत. म्हणून कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की पिशवी खाली ठेवायच्या आधीच तो विचारतो, "कधी?" सिलिंडर बदलल्यापासून वास येत असेल, तर सिलिंडरच्या तोंडातला वायसर गेलेला असतो. शेगडी पेटवल्यावर येत असेल, तर नळी बघायची. नळाला सकाळी पाणी आहे आणि दुपारी नाही, तर बिचाऱ्या नळाला शिव्या देऊन काय होणार, गच्चीवरची टाकी बघा.

त्याची भावकी मेथी-कोथिंबीर पिकवणारी. मळा धाकट्या भावानं सांभाळला आणि यानं पाना हातात घेतला. तोंडानं मात्र पहिल्यापासून फटकळ. गळती कुठे आहे ते बघायला कोणी काडी ओढताना दिसला, की मग तो शेठ असो नाहीतर साहेब, सहादू म्हणणारच, "आधी बंबवाल्यांना बोलवा, मग पेटवा." स्वतः तो नळीला साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा कुठे फुगतो ते बघत उकिडवा बसून राहतो. गिऱ्हाइकं त्याच्या बोलण्यावर रुसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावतात.

असा हा माणूस आयुष्यात एकाच घरी तोंड मिटून बसला, आणि ते घर लेकीचं सासर निघालं.

तेजलचं लग्न सिडकोतल्या सुयशशी झालं. मुलगा अंबडच्या कंपनीत, घरात तो आणि त्याची आई वत्सलाबाई. बाई मानी, पण मनानं चांगल्या. संसाराच्या भांड्यांबरोबर सहादूनं हौसेनं गॅसचा गिझर दिला, आणि तो आपणच बसवायचा असं मनाशी ठरवलं. गिझर मागच्या गॅलरीत, बाहेरच्या हवेत, आणि आत बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा नळ. पण वत्सलाबाई म्हणाल्या, "अहो व्याही, तुम्ही पाना घेऊन आमच्या बाथरूममध्ये शिरलात तर लोक काय म्हणतील? मुलीच्या वडिलांना कामाला लावलं म्हणतील. आम्ही माणूस बघतो." सहादूनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको सुलाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. लेकीच्या सासरी बापानं पाहुण्यासारखं यावं, पाहुण्यासारखं जावं. तो गप्प बसला. पुढे कोणीतरी माणूस आला आणि सिलिंडर गॅलरीत ठेवून त्यानं गिझर थेट बाथरूमच्या भिंतीवर ठोकला. वर काचांच्या पट्ट्यांची खिडकी होती, त्यामुळे निदान हवा तरी खेळत होती.

मग थंडी पडली. नाशिकची थंडी ती, अंगात शिरते आणि निघायचं नाव घेत नाही. अशात एका दुपारी वत्सलाबाईंचा सुलाबाईला फोन आला. तेजलला सकाळी चक्कर येते, मळमळतं, जेवण नको वाटतं. "अजून कोणाला सांगू नका, संक्रांत झाली की डॉक्टरकडे नेते," असं म्हणताना बाईंच्या आवाजातून आनंद नुसता सांडत होता. सुलाबाईनं देवापुढे साखर ठेवली. सहादूही हरखला. आजोबा होणार म्हणून त्या दिवशी तो एकाही गिऱ्हाइकाला टोचून बोलला नाही, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी ओट्याखाली वाकून नळी बदलत होता, आणि रोजचा प्रश्न त्याच्या डोक्यात आला. कधी? तो तसाच बाहेर आला आणि त्यानं तेजलला फोन लावला.

"बाई, चक्कर कधी येते गं तुला?"

"सकाळी, अप्पा."

"सकाळी उठल्या उठल्या, का अंघोळ झाल्यावर?"

"अंघोळ करून बाहेर आले की येते. केस धुते त्या दिवशी जास्त."

"खिडकी उघडी हाय ना?"

"नाही. थंडी फार येते म्हणून आईंनी फ्लेक्सचा तुकडा ठोकलाय."

सिलिंडर गळला तर नाकाला कळतं. पण कोंडलेल्या खोलीत गिझर जळत राहिला की जो विषारी धूर तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. माणसाला चक्कर येते, मळमळतं, आणि एक दिवस तो तिथेच आडवा होतो.

"गिझर लावू नको. शेगडीवर पाणी तापव," तो म्हणाला.

"आईंना काय सांगू? त्या किती जपतात मला."

"सांग, अप्पानं सांगितलंय."

"बरं, बघते," ती म्हणाली. या 'बघते'चा अर्थ सगळ्या बापांना माहीत असतो.

घरी येऊन सुलाबाईला सगळं सांगून तो विहीणबाईंनाच फोन लावायला निघाला, तर सुलाबाईनं फोन काढून घेतला. "फोनवर विहिणीच्या चुका काढता? लय आनंदात हायेत त्या. उद्या भोगी हाय, मळ्यातली भाजी घेऊन जा आणि गोडीगुलाबीनं सांगा. आणि ती पिशवी घरीच ठेवा, पाहुणे म्हणून जा." भोगी म्हणजे बायकांनी तीळ लावून डोक्यावरून न्हायचा दिवस. हे सुलाबाईला माहीत होतं, सहादूलाही माहीत होतं. दोघांच्याही ते त्या वेळी डोक्यात आलं नाही.

सकाळी वालपापडी, गाजरं, हरभऱ्याचे घाटे घेऊन तो सिडकोत पोचला. वत्सलाबाई परातीत बाजरीचं पीठ मळत होत्या. "या व्याही, बसा. तेजल न्हायला गेलीय, येईलच."

"गिझरवर?"

"मग? अशा दिवसांत गार पाण्यानं न्हाऊ घालू का तिला?" त्या हसल्या.

सहादू उठला, दोन पावलं गेला आणि थबकला. लग्न झालेली लेक आत न्हातेय, बाहेर तिची सासू उभी, आणि बाप बाथरूमचं दार वाजवतोय, हे कुठल्या रीतीत बसतं? तो पुन्हा दिवाणावर टेकला. पण कान तिकडेच होता. पाण्याची धार भरलेल्या बादलीत पडत होती, एकसारखी. तांब्या बुडल्याचा आवाज येत नव्हता. अंगावर ओतलेलं पाणी फरशीवर आपटत नव्हतं. पाणी वाहत होतं आणि ते कोणी घेतच नव्हतं.

"तेजल!" तो ओरडला. आतून ओ नाही.

मग रीत गेली खड्ड्यात. त्यानं गॅलरीत धावत जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि प्लास्टिकच्या दाराला लाथ घातली. दुसऱ्या लाथेत कडी तुटली. तो मागे सरला आणि म्हणाला, "विहीणबाई, श्वास रोखून आत जा. पातळ गुंडाळा तिला." वत्सलाबाई पिठाच्या हातांनी आत शिरल्या. दोघांनी मिळून तिला गॅलरीत, गार हवेत आणून निजवलं. ओठ काळेनिळे, केसांत तीळ. सहादू तिचे गाल थोपटत राहिला, बाई, ए बाई, म्हणत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं खोल श्वास घेतला आणि ती ओकली. कोणी ओकल्याचा इतका आनंद सहादूला कधी झाला नव्हता.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. सुयश कंपनीतून धावत आला. वत्सलाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या, हातावरचं पीठ वाळलं होतं. "मीच ठोकला हो तो फ्लेक्स," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "गिझर मी दिला आणि गप मी बसलो," सहादू म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला. तो गप्प बसला नसता तर यातलं काहीच झालं नसतं, हे त्याला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तेजलचा मास्क काढला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या आणि तिला सांगितलंही होतं. सहादू खाटेजवळ आला तेव्हा ती छताकडे बघत होती.

"अप्पा, बाळबीळ काही नव्हतंच," ती म्हणाली. "त्या धुरानंच होत होतं सगळं." मग ती रडायला लागली. "मी नाव पण ठरवलं होतं."

सहादूनं तिच्या कपाळावर हात ठेवला. केसांत अजून तीळ अडकलेले होते, ते तो एकेक काढत बसला.

"नाव ठेव बाई जपून," तो म्हणाला. "तू हायेस ना." आणि मग तो तिच्याहून मोठ्यानं रडला.