बिनस्क्रूचं पातं

छताचा पंखा बसवायला तीन हात लागतात, असं पंखेवाले बत्तीस वर्षं सांगत आले होते. एक पातं धरायला, एक स्क्रू धरायला आणि एक तो पिळायला. त्यातले दोन त्यांचे. तिसरा बायकोचा. ती शिडीच्या घोड्यापाशी खाली उभी राही, तळहातावर स्क्रू आणि वॉशर घेऊन. ते वरून न बघताच हात खाली करत, आणि हवा तोच स्क्रू बोटांत येई.

"तोंडात धरू नका हं," ती बजावी. "एखादा गिळाल, आणि पोटात पंखा गरगरायला लागला की मला सांगत येऊ नका."

ती गेली त्याला पाच महिने झाले होते. रडा, मोकळे व्हा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पंखेवाल्यांना रडू काही आलं नाही. चहा टाकला की सवयीने दोन कप होई. दोन्ही तेच पीत.

मग एका गिऱ्हाइकाकडे एकट्याने पंखा बसवताना पातं निसटलं आणि टीपॉयच्या काचेचा चुरा झाला. लेकीला हे कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळीच तिचा फोन.

"बाबा, एक तर मदतीला माणूस ठेवा, नाही तर घराला कुलूप लावून माझ्याकडे चला."

"माणूस कशाला?"

"मग एकट्याने पंखा बसवून दाखवा. रविवारी येते. नाही जमलं तर मी सांगेन ते ऐकायचं. कबूल?"

"कबूल."

घर सोडून त्यांना जायचं नव्हतं. का, ते मात्र विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात बायकोचा फोटो भिंतीवर लावायचा राहिलेला त्यांनी लावला. चौकटीच्या पाठीला पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीला भोक, खाली गोल, वर निमुळतं. खिळ्याचं डोकं गोलातून आत गेलं, चौकट जराशी खाली ओढली, बसली. कुणी धरावी लागली नाही. पंखेवाल्यांनी फोटो परत काढला, मांडीवर पालथा घातला आणि त्या भोकाकडे बघत राहिले.

बैठकीच्या खोलीतला स्वतःचा पंखा उतरवून तीन दिवस त्यांनी कानस चालवली. मोटरला तशीच भोकं पाडलेल्या पट्ट्या, पात्याच्या बुडाशी जाड डोक्याचे दोन रिव्हेट. पातं टेकवायचं, बाहेर ओढायचं, मागून स्प्रिंगची खिट्टी टक् करून बसते. फिरताना पातं बाहेरच ओढ घेतं, म्हणजे वेग जेवढा जास्त, पकड तेवढी घट्ट. पंखा पडवीत टांगून दोन दिवस फिरवून पाहिला. पातं जागचं हललं नाही. आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पाती उतरवून पुसून ठेवली.

रविवारी लेक आली, खुर्ची ओढून हाताची घडी घालून बसली.

"मी बोटसुद्धा लावणार नाही हं. नंतर म्हणाल, तू होतीस म्हणून जमलं."

पंखेवाले घोड्यावर चढले. टक्. टक्. टक्. लेकीने भुवया उंचावल्या. खाली उतरून त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, वेग घेतला, आणि दांड्यासकट डोलायला लागला.

"बाबा, हा तर नाही नाही म्हणतोय."

त्यांनी पंखा बंद केला. तीन पाती दिसायला सारखी, पण वजनात गुंजभराचा फरक असतोच. ज्याची जागा त्यालाच द्यावी लागते. म्हणून बायको प्रत्येक पात्यावर नेलपॉलिशचे ठिपके द्यायची. एक, दोन, तीन.

"आईचे ठिपके कुठे गेले?" लेकीने विचारलं.

"पुसले. थिनरने." मग म्हणाले, "तू येणार म्हणून पाती चकचकीत करत होतो."



पाती लावायच्या सहा तऱ्हा होतात. स्क्रूचं काम असतं तर अख्खा दिवस गेला असता, शिवाय खाली कुणीतरी लागलं असतं. ते पुन्हा चढले. खिट्टी दाबली, पातं सरकवलं, अदलाबदल केली. पंखा डोलला. परत चढले. परत डोलला. चौथ्या खेपेला पंखा असा फिरला, की वर नुसतं धुरकट वर्तुळ.

लेकीने घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं. जिंकलात तुम्ही. कंपनीला दाखवा हे, पाया पडतील."

"हं."

"खूश नाही झालात?"

"झालो की." त्यांनी पंखा थांबवला. "तुझ्याकडे नेलपॉलिश आहे?"

"आईची बाटली?"

"वाळली."

तिने पर्समधली चॉकलेटी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. ते एकेक पायरी मोजल्यासारखे सावकाश पुन्हा वर गेले आणि बाटली वरच्या पायरीवर ठेवली. एक ठिपका. दोन. तीन. टोपण मागायला त्यांचा हात आपोआप खाली आला, तळवा वर, आणि तसाच राहिला. टोपण ब्रशसकट त्यांच्या दुसऱ्याच हातात होतं. लेक घडी सोडून अर्धवट उठली. तेवढ्यात त्यांनी हात वर घेतला आणि बाटलीचं टोपण स्वतःच घट्ट लावलं.

"मागायचं ना माझ्याकडे," ती म्हणाली.

"जमतंय," ते म्हणाले. खाली उतरले आणि ठिपके वाळायची वाट बघत बटणापाशी उभे राहिले.