एक सोडून एक ओळ

श्रीरामपूरला एसटी स्टँडजवळ माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी हौसेने कॉम्प्युटर घेतला आणि लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायला लागलो. चित्राच्या बाबतीत मी भलताच खडूस. पडद्यावर कुठे रेघ दिसली की माझं डोकं फिरायचं, आणि बायको चहाचा कप लांबूनच सरकवून जायची.

रेघा मात्र दिसायच्याच. टीव्हीवर झाकलेलं सगळं कॉम्प्युटर उघडं पाडायचा. कॅसेटवरचं चित्र एकदम येतच नाही. आधी एक सोडून एक ओळी येतात, मग मधल्या राहिलेल्या. दोन्हींच्या मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, आणि तेवढ्यात माणूस हललं तर ही दोन अर्धी जुळत नाहीत. चित्र थांबवलं की माणसाच्या कडांना फणीसारखे दात फुटलेले दिसतात.

अशात एक दिवस पुणतांब्याहून एक मुलगी आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. कडेवर बाळ, पिशवीत लग्नाची कॅसेट. तिची आई महिन्यापूर्वी वारली होती.

“भाऊ, ह्यातनं आईचा येक फोटो काढून द्या,” ती म्हणाली. “घरात तिचा फोटोच न्हाई.”

“एकही नाही?”

“मतदानाच्या कारडावर हाय. पन त्यात ती घाबरल्यावानी दिसती. घाबरनारी न्हवती ती.”

आठवड्याने या म्हणालो आणि कामाला लागलो. आई कॅसेटभर होती, पण थांबलेली कुठेच नव्हती. इथे पाण्याची कळशी उचलतेय, तिथे कुणाच्या तरी पोराला मांडवाच्या खांबावरून उतरवतेय, मध्येच नवरीच्या कपाळावरचा घाम टिपतेय. थांबवीन तिथे दातच दात. “बाई, एक क्षण उभ्या राहा की!” मी पडद्यावरच खेकसलो. आत बायको हसली.

शेवटी सापडली. लग्न बौद्ध पद्धतीचं, आणि वंदनेला सगळा मांडव हात जोडून उभा होता. दुसऱ्या रांगेत ती. निश्चल. दोन्ही अर्धी अगदी तंतोतंत जुळलेली, एक रेघ नाही. मी दार लावलं, पडदे ओढले, स्टँडवर कॅमेरा लावून कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढला. इतका खूश झालो की मोठा करून फ्रेमही करून ठेवली.

मुलगी आली. फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

“डोळं मिटल्यात,” ती म्हणाली.

“वंदनेला मिटलेत, ताई. पण बघा, किती स्वच्छ आलंय.”

“व्हय, लई चांगलं आलंय. पन आसं डोळं मिटल्याली मी तिला दवाखान्यात पायली, भाऊ. मला उघडं पायजेत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस मी त्या बाईचा चेहरा बघत होतो की नुसत्या रेघा? मुलीला शेजारी बसवलं आणि कॅसेट पुन्हा सुरू केली. एका जागी ती म्हणाली, “हितं थांबा.” वऱ्हाडाला पाणी देता देता आई मागे वळून लेकीकडे बघून हसत होती. चेहऱ्याला दात, कळशीला दात.

यावर एकच इलाज मला माहीत होता. मधल्या सगळ्या ओळी टाकून द्यायच्या आणि उरलेल्या ताणून जागा भरायची. तसं केलं. दात गेले, पण नाक खडबडीत झालं, कळशीच्या काठाला पायऱ्या पडल्या. एरवी असलं चित्र मी दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.

“यात अर्धं चित्र गेलंय, ताई,” मी म्हणालो. “जवळून बघितलं तर फाटल्यासारखं दिसेल.”

तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि पडद्याच्या काचेवर, आईच्या गालावर, बोट ठेवलं. माझ्या पडद्याला कुणी हात लावलेला मला खपत नसे. त्या दिवशी खपला.

“ह्योच द्या, भाऊ,” ती म्हणाली. “येका जागी कवा ऱ्हायलीच न्हाई ती.”