मैनाले तंग नको करू

माझ्या हातून आजवर एकच घोडी सजली आणि त्या घोडीवरून एकच नवरदेव पडला. तो माझा सख्खा मोठा भाऊ होता.

कळंबला आमच्या बाबांची मैना नावाची पांढरी घोडी होती. लग्नसराईत आसपासचे निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात जायचे. पण मैनाची कातडी भलतीच नाजूक. खोगिराखाली गवताची काडी राहिली तरी संध्याकाळी तिथे गांधी उठायची. मला गोवर आला तेव्हा बाबांनी कपाळाला एकदा हात लावून पाहिला होता. मैनाच्या पाठीवरून तो रोज दोनदा फिरायचा! (नाही, मी अजून ते मनात धरलेलं नाही.)

खोगीर बांधायचं काम बाबा कुणालाच देत नसत. आधी पाठ झाडायची, मग आईच्या जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवायची, तीत एकही सुरकुती चालायची नाही. खोगीर जरा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवायचं. शेवटी तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, थांबत थांबत तीनदा आवळायचा. तो सैल राहिला तर खोगीर हलून पाठ घासते, जास्त आवळला तर पोट सोलतं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून हे बघत लहानाची मोठी झाले. एकदा तरी बाबांनी "आज तू बांध" म्हणावं, एवढीच इच्छा होती. पुण्याला नोकरी लागली तरी ती इच्छा गोठ्यातच राहिली.

दादाच्या लग्नाच्या दिवशी लग्न लावणारे भन्तेजी लवकर आले, म्हणून बाबांना आधीच विहारात जावं लागलं. जाताना ते मला म्हणाले, "आज तूच बांध, बाई." मला वाटलं, लग्न माझंच आहे!

पाठ झाडताना मैनाच्या पोटाखाली थोडं लाल दिसलं. घाबरून बाबांना फोन लावला. तिकडे भोंग्यावर गाणी चालू होती. बाबा ओरडून म्हणाले, "खोबरेल लाव, अन् जास्त तंग नको करू तिले!"

आता घरची घोडी, घरचा पट्टा, समोर लाल झालेलं पोट. बाबांच्या बोलण्याचा अर्थ मी जो लावला तो कुणीही लावला असता. मी तंग आवळलाच नाही, नुसता अडकवला. शिवाय विटकं लुगडं फोटोत बरं दिसणार नाही म्हणून त्या जागी चकचकीत साटिनचं कापड घातलं. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते.

बाजारापर्यंत दादा सरळ होता. मग तो डावीकडे कलला. लोकांना वाटलं, नवरदेव वाकून नमस्कार करतो आहे, म्हणून त्यांनीही हात जोडले. दादा दात न विलगता मला म्हणाला, "मी तिरपा होऊन राह्यलो वं." मी त्याला ताठ बसायला सांगितलं. तो ताठ बसला, पण खोगीर साटिनवरून तसंच घसरत निघालं आणि मैनाच्या पोटाखाली जाऊन थांबलं. दादा बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलावर बसला. त्या ढोलाचा तो शेवटचा आवाज. मैना मात्र जागची हलली नाही.

बाबा विहारातून धावत आले. पांढऱ्या सुटातला मुलगा फाटक्या ढोलात अडकलेला होता. बाबांनी आधी मैनाची पाठ चाचपली. पाठ साफ आहे कळल्यावर माझ्याकडे वळले.

"काहून सैल ठेवला तंग?"

"तुमीच म्हटलं नं, तंग नको करू."

"अवं, मी म्हटलं, तिले तरास नको देऊ," असं बाबा म्हणाले आणि भर रस्त्यात पोट धरून हसत सुटले.

मला वाटलं, आता खोगीर बाबाच बांधतील. त्यांनी घरून लुगडं मागवलं आणि माझ्या हातात दिलं. साऱ्या वरातीसमोर मी तंग तीनदा आवळला. प्रत्येक वेळी बाबा पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघत. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. तशी मान मला पुन्हा कधी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी मैना गेली, मग बाबा गेले. गोठ्यात आता दादाची मोटरसायकल असते.

लुगडं मी पुण्याला आणलं. स्कूटरच्या सीटवर त्याची घडी घालते, सुरकुती काढून, तळहात फिरवून. ती कधीच घसरत नाही. तरी दादा आला की मागे बसण्याआधी विचारतो, "तंग आवळला का वं?" मी हो म्हणते. मग तो रिक्षाने येतो.