उघड्या डोळ्यांचा भाऊ

माझा धाकटा भाऊ शमुवेल पुण्याला नोकरीला गेला आणि देव नाही म्हणू लागला. शंका मला समजते. आई गेली तेव्हा मीसुद्धा प्रभूशी कितीतरी दिवस भांडले होते. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं ना! ह्या आताच्या नास्तिकांचं मला नवल वाटतं. मोबाइलवर चार व्हिडिओ बघायचे, विज्ञानाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करायची. सगळ्यांवर शंका घेतात, आपलंही चुकत असेल एवढी एकच शंका त्यांना येत नाही.

आमच्याकडे जेवणाआधी सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात. हा मात्र गावी आला की मुद्दाम टक्क डोळे उघडे ठेवून बसायचा. "मिटून काय दिसतंय, आक्का?" म्हणून हसायचा. मला ते फार लागायचं. रोज मी प्रभूकडे एकच मागायची, ह्याला एकदा तरी आमच्यासंगं डोळे मिटून बसव.

गेल्या साली एका रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब झरी गावात आमच्या घरी जेवायला आले. अंगणात पंगत बसली, सुट्टीला आलेला शमुवेलही होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना धरली की भाजी गार होणार हे ठरलेलंच. पाऊसपाणी, पिकं, आजारी माणसं, ऊसतोडीला गेलेली माणसं, सगळ्यांसाठी मागणं चाललं होतं. माझी नात रूथ नुकतीच चालायला लागली होती. मला वाटलं ती सुनेजवळ आहे, सुनेला वाटलं माझ्याजवळ.

एकदम ताट उलथल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर शमुवेल पंगत तुडवत शेळ्यांच्या पाण्याच्या हौदाकडे पळत होता. लेकरू काठावरून आत वाकलेलं, पाय अधांतरी. त्यानं फ्रॉकला धरून तिला मागं ओढलं. केस तेवढे भिजले होते.

अगं बाई! वाटलं, आता हा सगळ्यांसमोर म्हणणार, बघा तुमची प्रार्थना. पण तो पोरीला छातीशी धरून तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

पाळकसाहेब गेल्यावर तो माझ्याजवळ आला. "आक्का, योगायोग हाय, मला माहीत हाय. पण मघापासून कुणाला तरी लय उपकार झाले म्हणावं वाटायलंय. कुणाला म्हणू?"

त्याचा विचार इथंच अपुरा पडतो, असं मला आजही वाटतं. योगायोगापुढे हात जोडता येत नाहीत. एरवी मी हे ठासून बोलले असते. तेव्हा मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला म्हण. मी पोचवते."

तो अजूनही डोळे मिटत नाही. मीही ते मागणं सोडून दिलं. इतकी वर्षं प्रभूनं माझं ऐकलं नाही, म्हणून तर रूथ आज अंगणात खेळतेय. माझ्यापेक्षा प्रभूला जास्त कळतं, हे मानायला मला एवढा वेळ लागला. आता पंगत बसली की मीच सांगते, "शमू, लेकराकडं बघ रे." आणि निर्धास्त डोळे मिटते.